चार टक्क्यांचा अनुशेष कुणी मोजायचा?

उद्यम नोंदणीच्या अर्जात आधार आणि पॅनची माहिती भरून झाली की पुढे एक छोटा रकाना येतो. सामाजिक प्रवर्ग: सर्वसाधारण, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग. कॉलेजच्या प्रवेशाला, शिष्यवृत्तीला, परीक्षेच्या फॉर्मवर हा रकाना आपण शेकडो वेळा भरलेला असतो. धंद्याच्या कागदावर मात्र हात थबकतो. हे प्रमाणपत्र बँकेत द्यायचं, गिऱ्हाइकाला पाठवायचं, दुकानात लावायचं, आणि त्यावर प्रवर्ग छापून येणार. मग अनेक जण ‘सर्वसाधारण’वर खूण करून पुढे जातात. नंतर बघू म्हणतात.

ही भीती उगाच आलेली नाही. अमेरिकेतून शिकून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देणारी फर्म काढली होती. सल्ला चांगला होता, गिऱ्हाइकं येत होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर ती येईनाशी झाली आणि फर्म बंद पडली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाची ही गत, तर तालुक्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेल्याने आपली जात कागदावर का लिहावी, हा प्रश्न रास्त आहे.

पण खाजगी बाजारातलं गिऱ्हाईक आणि सरकार यांत एक फरक आहे. सरकारी खरेदीला नियम आहेत आणि त्यातला एक नियम याच रकान्यावर चालतो.

केंद्र सरकारने 2012 मध्ये सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांना तो लागू आहे. वर्षभराच्या खरेदीतला ठरावीक हिस्सा या छोट्या उद्योगांकडूनच घ्यायचा. आधी हा हिस्सा 20 टक्के होता, 2018 पासून तो 25 टक्के आहे. त्या 25 मधले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. ओबीसी उद्योजकांसाठी वेगळा वाटा नाही. भटक्या-विमुक्तांसाठी तर नाहीच. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण ‘मागासवर्गीयांना टेंडरमध्ये आरक्षण आहे’ एवढंच ऐकून पुष्कळ जण धावतात आणि फसतात.

आता त्याच आदेशातली दुसरी ओळ. अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग निविदेत उतरले नाहीत, किंवा अटी आणि सर्वांत कमी दर यांत बसले नाहीत, तर त्यांचे 4 टक्के इतर सूक्ष्म व लघु उद्योगांकडून भरून घ्यायचे. म्हणजे आपण टेंडर भरलं नाही की आपला वाटा गुपचूप दुसऱ्याकडे वळतो आणि कागदोपत्री कुणाचंही काही चुकलेलं नसतं. नोकरीतल्या राखीव जागा भरल्या नाहीत तर निदान अनुशेष दाखवावा लागतो. तो भरण्यासाठी मोर्चे निघतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. खरेदीतल्या 4 टक्क्यांना अनुशेषच नाही. 31 मार्चला हिशेब मिटतो, 1 एप्रिलला पाटी कोरी. केंद्राच्या ‘संबंध’ नावाच्या पोर्टलवर सार्वजनिक उपक्रमांच्या खरेदीचे आकडे असतात. तिथे जाऊन बघा: एकूण 25 टक्क्यांचं लक्ष्य सहज ओलांडलं जातं, अनुसूचित जाती-जमातींचे 4 टक्के मात्र दरवर्षी लांबच राहतात.

हे दुखणं जुनं आहे. 1942 साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या वर्षी त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या तक्रारींचं निवेदन दिलं. त्यात नोकऱ्या आणि शिक्षणाबरोबर सरकारी बांधकामाच्या कंत्राटांचाही मुद्दा होता: ही कंत्राटं अस्पृश्यांच्या वाट्याला जवळजवळ येतच नाहीत. नोकरी आणि शिक्षणाचा मुद्दा आपण चळवळीत उचलला, घराघरांत नेला. कंत्राटाचा मुद्दा फायलीतच राहिला. तो पुन्हा जोरात बोलला गेला 2002 च्या भोपाळ परिषदेत. ‘ठेकेदार’ हा शब्दच आपल्या वस्तीत शिवीसारखा वापरला जातो, हेही त्याचं एक कारण असावं. त्याकडे नंतर येतो.

आधी कामाचं बोलू.

उद्यम नोंदणी फुकट आहे. केंद्र सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर आधार, त्याला जोडलेला मोबाईल आणि पॅन एवढ्यावर ती होते. कागद अपलोड करावे लागत नाहीत. गुगलवर शोधलं की सरकारीच वाटणाऱ्या खाजगी साइट वर येतात आणि हजार-दोन हजार रुपये घेतात. पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का ते पाहा. एकट्याच्या मालकीची फर्म असेल तर तुमचाच पॅन चालतो, कंपनी काढायची गरज नाही. जीएसटी कायद्याने लागत असेल तरच तो नंबर द्यायचा.

खरी चूक होते ती कामाचा प्रकार निवडताना. तुम्ही वस्तू बनवता, सेवा देता, की दुसऱ्याची वस्तू आणून विकता? 2021 पासून किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या अग्रक्रम कर्जापुरती. खरेदी धोरणाचे फायदे व्यापाऱ्याला नाहीत. कॉम्प्युटर विकणं हा व्यापार. त्याच कॉम्प्युटरांची वर्षभर देखभाल करणं ही सेवा. गणवेश आणून विकणं व्यापार. चार शिलाई मशीन लावून शिवून देणं उत्पादन. जे खरोखर करता तेच लिहा, पण काय करायचं हे ठरवतानाच हा फरक डोक्यात असू द्या. दुसरी गोष्ट म्हणजे हा आदेश वस्तू आणि सेवांसाठी आहे. रस्ता, गटार, इमारत अशा बांधकामाच्या कंत्राटांना तो लागत नाही. सिव्हिलचा डिप्लोमा झालेल्या आपल्या पोरांची सगळ्यांत मोठी निराशा इथेच होते. बांधकामाला असं काही करताच येत नाही, असं मात्र नाही. कर्नाटकाने कायदा दुरुस्त करून ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांत अनुसूचित जातींना 17.15 आणि जमातींना 6.95 टक्के वाटा दिला. रकमेची मर्यादा आधी 50 लाख होती, पुढे 1 कोटी झाली. बाकी राज्यांत आपण ही मागणी किती वेळा केली?

नोंदणीनंतर जेम पोर्टलवर विक्रेता म्हणून खातं. केंद्राची बरीचशी खरेदी आता तिथूनच होते. राज्यांची टेंडर पोर्टलं वेगळी आणि नियमही वेगळे, त्यामुळे इंदूरचा, हैदराबादचा, नागपूरचा वाचक एकाच ओळीत बसणार नाही; आपापल्या राज्याचं धोरण वाचावं लागेल. निविदा उघडली की दर बघायच्या आधी एक ओळ शोधा: सूक्ष्म व लघु उद्योगांना अनुभव आणि उलाढालीत सूट आहे की नाही. तिथे ‘नाही’ असेल तर नव्या फर्मने त्यात वेळ घालवू नये, किंवा मुदतीत लेखी विचारावं की सूट का नाही. ही सूट देणं न देणं खरेदीदाराच्या हातात ठेवलं आहे. ‘तीन वर्षांचा अनुभव’ ही अट बहुतेक पहिल्या पिढीला दारातच थांबवते. ती लिहिणाऱ्याला तुमची जात माहीत असावी लागत नाही, अट आपोआप तेच काम करते.

दोन सवलती मात्र हक्काच्या आहेत. टेंडरसोबत भरायची बयाणा रक्कम तुम्हाला माफ आहे. आणि सर्वांत कमी दर एखाद्या मोठ्या कंपनीचा असेल, तुमचा दर त्याच्यापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर तिच्या दराला यायला तयार असल्यास ऑर्डरचा 25 टक्क्यांपर्यंतचा भाग तुम्हाला मिळू शकतो. त्यांचा दर 100, तुमचा 112, तर 100 ला देता येईल का याचा हिशेब घरून करून जा. तिथे बसून नको. काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव माफ नाही, तो पैसा आधीच बाजूला हवा. बिल वेळेत येईल असं धरून कर्ज काढू नका. कायदा म्हणतो 45 दिवसांत पैसे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. त्यासाठी सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते. पण ऑर्डर घेताना उद्यम नोंदणी झालेली असली पाहिजे. नंतर केलेली नोंदणी दाखवून मागच्या बिलाचं व्याज मागायला गेलेल्यांचे दावे न्यायालयात फेटाळले गेले आहेत.

एवढं सगळं झाल्यावर, किंवा त्याआधीच, एक माणूस तुमच्याकडे येईल. बहुधा ओळखीचा असेल, गाडीतून येईल, तुमच्या वडिलांशी आदराने बोलेल. ‘तुझा दाखला आहे, माझा अनुभव आहे. फर्म तुझ्या नावाने काढू. तू काही करू नकोस, सही कर. महिन्याला एवढे तुझे.’ पहिली नोकरी अजून मिळालेली नाही, घरात शैक्षणिक कर्जाचा हप्ता चालू आहे, आणि समोरचा माणूस काहीही न करण्याचे पैसे देतोय.

कायदा म्हणतो, एकल फर्म असेल तर मालक अनुसूचित जाती-जमातीचा असावा. भागीदारी किंवा कंपनीत किमान 51 टक्के हिस्सा त्यांचा असावा. कागदावर 51 टक्के लिहिणं सोपं आहे. पण एकल फर्ममध्ये तुम्ही आणि फर्म वेगळे नसता. जीएसटी थकला तर नोटीस तुमच्या नावाने, मजुरांचा पीएफ बुडवला तर वसुली तुमच्यावर, माल निकृष्ट निघाला तर काळ्या यादीत नाव तुमचं. आचारसंहितेचा भंग ठरला तर सरकारी खरेदीतून दोन वर्षांपर्यंत बाहेर काढता येतं. गाडीतला माणूस तोवर दुसरा दाखला शोधून मोकळा झालेला असतो. आणि तुमच्या नावावर गेलेली ती ऑर्डर 4 टक्क्यांच्या रकान्यात ‘पूर्ण’ म्हणून मोजली जाते. टेंडर न भरल्याने वाटा जातो हे निदान दिसतं. असा गेला तर दिसतही नाही. हा मोह किती मोठा आहे हे आम्हाला कळतं. घरच्या परिस्थितीपायी सही केलेल्यांना आम्ही दोष देणार नाही. पण अजून सही केली नसेल तर करू नका.

आता ‘ठेकेदार’ या शब्दाकडे. सरकारी सेवांच्या कंत्राटांत साफसफाई आणि मनुष्यबळ पुरवठ्याचा भाग मोठा आहे. तिथे झाडू घेऊन उभे असलेले हात कुणाचे, हे या वाचकांना सांगायला नको. आपल्यातल्याच कुणी ते कंत्राट घेतलं आणि किमान वेतनातून कापून दर खाली आणला, तर मालकाची जात बदलली एवढंच झालं. दुसरी वाटही दिसलेली आहे. हैदराबादेत पाणीपुरवठा मंडळाने 2017 साली गटार साफ करणाऱ्या छोट्या जेटिंग यंत्रांची कामं दलित उद्योजकांना दिली. 2019 मध्ये दिल्ली जल बोर्डाने अशाच 200 यंत्रांची कामं दिली. त्यात गटारात उतरणाऱ्या कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबांना जागा होती. माणूस गटारात उतरण्याऐवजी गाडीचा मालक झाला. त्या योजनांनाही हप्त्यांचा आणि बिलांच्या उशिराचा त्रास आहेच, त्यांना आदर्श म्हणून मिरवायची गरज नाही. पण सफाईचं कंत्राट म्हणजे सफाई कामगारांची पिळवणूक, असं समीकरण असायलाच हवं असं नाही. टेंडरमध्ये दर टाकताना किमान वेतन, पीएफ आणि ईएसआयचे आकडे आधी मांडा आणि मग नफा. त्या आकड्यात काम मिळत नसेल तर ते काम सोडा. कुणीतरी त्याहून खाली गेलं असेल, तर त्याने ते कुणाच्या ताटातून काढलं हे तुम्हाला माहीत आहे.

सरकारकडे आमची मागणी साधी आहे. 4 टक्के भरले नाहीत तर ते इतरांकडे वळवू नका, पुढच्या वर्षाच्या हिशेबात धरा. नोकरीत अनुशेष असतो, तर खरेदीत का नाही? बांधकामाची कंत्राटं या आदेशात आणा. अनुभव-उलाढालीची सूट खरेदीदाराच्या मर्जीवर ठेवू नका, आणि ती नाकारली तर कारण निविदेतच लिहा.

ही मागणी नुसती लेखात राहू नये म्हणून एक काम आजच करता येईल. तुमच्या शहरात केंद्राचं एखादं कार्यालय, रेल्वेचा विभाग, आयुध निर्माणी किंवा सार्वजनिक उपक्रम असेलच. तिथे 10 रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज करा. तीन प्रश्न पुरेत: गेल्या वर्षी एकूण खरेदी किती, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांकडून किती, आणि किती निविदांत अनुभव-उलाढालीची सूट नाकारली. उत्तर आलं की आम्हाला पाठवा.