उष्मांकांच्या हिशेबातील रिकामा रकाना

भारतीय माणूस दररोज किती खातो, या वरवर साध्या वाटणाऱ्या प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञ पन्नासहून अधिक वर्षे वाद घालीत आले आहेत. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातील दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात माणशी दररोज २,२५० उष्मांक हे किमान आहाराचे परिमाण त्यांनी मानले होते. पुढे १९७९ साली नियोजन मंडळाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० उष्मांकांची मोजपट्टी ठरविली. शरीराची गरज अशी एका आकड्यात बांधता येत नाही, ती एकाच माणसाच्या बाबतीतही कमीअधिक होत असते, असा आक्षेप डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी घेतला. हा सारा वाद मुख्यतः गरज किती याविषयीचा होता. प्रत्यक्ष सेवन किती, ही हिशेबाची दुसरी बाजू त्या मानाने पक्की समजली गेली. आज मात्र तीच बाजू कच्ची ठरू लागली आहे.

सेवनाचा आकडा तयार होतो तो असा. राष्ट्रीय नमुना पाहणीचे कर्मचारी कुटुंबाकडून धान्य, डाळी, तेल, साखर यांचा खप विचारून घेतात आणि त्या वजनाला कोष्टकातील उष्मांकांनी गुणले जाते. यासाठी आधारभूत मानल्या जाणाऱ्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कोष्टकांची २०१७ ची आवृत्ती ५२८ खाद्यवस्तूंची माहिती देते. परंतु ही माहिती प्रामुख्याने कच्च्या जिनसांची आहे. ज्वारीचे पीठ किती खपले हे कळले की भाकरीचा हिशेब लागतो. हॉटेलातील मिसळ किंवा गाडीवरचा वडा यांचा तसा लागत नाही. बाहेरच्या जेवणासाठी ताटामागे एक ठरावीक सरासरी गृहीत धरावी लागते, आणि ज्या पदार्थांची नोंद केवळ खर्चाच्या रूपात होते त्यांना रुपयामागे अमुक उष्मांक असा अंदाज लावावा लागतो. मोठ्या शहरातील वीस रुपये आणि तालुक्याच्या गावातील वीस रुपये यांत सारखेच अन्न येते, असे मानण्यासारखेच हे आहे.

हा अंदाज पूर्वी खपून जात असे, कारण बहुतेक कुटुंबांचे खाणे घरच्या चुलीवर शिजत होते. आता तशी स्थिती राहिलेली नाही. २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीनुसार पेये, फराळाचे पदार्थ व प्रक्रिया केलेले अन्न यांवर ग्रामीण कुटुंबे एकूण खर्चाच्या ९.८४ टक्के, तर शहरी कुटुंबे ११.०९ टक्के रक्कम खर्च करतात. खाद्यवस्तूंमध्ये सर्वांत मोठा वाटा याच गटाचा आहे. म्हणजे ज्या रकान्यात अंदाजावर भिस्त ठेवावी लागते, तोच रकाना फुगत चालला आहे. ग्रामीण भागातील माणशी सेवन १९८३ साली २,२२१ उष्मांक होते, ते २००४-०५ साली २,०४७ वर आले आणि २०२३-२४ साली २,२१२ नोंदले गेले. मधल्या काळात पाहणीची पद्धत बदलली असल्याने या आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. तरीही भूक वाढली की घटली, याविषयीचे वाद याच आकड्यांच्या आधारे लढविले जातात.

कायद्याने या बाबतीत काही केले नाही असे नाही. वेष्टनबंद पदार्थांवर पोषणविषयक माहिती छापणे आवश्यक आहे. केंद्रीय परवाना असलेल्या अथवा दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांना १ जुलै २०२२ पासून पदार्थसूचीत उष्मांक दाखविण्याचे बंधन आहे. परिणामी साखळी दुकानातील पिझ्झ्याचे उष्मांक ग्राहकाला वाचता येतात, पण हमालाच्या, विद्यार्थ्याच्या व कारकुनाच्या रोजच्या खाण्याचे वाचता येत नाहीत. ज्याला आहाराचा हिशेब ठेवणे डॉक्टरांनी बजावले आहे असा मधुमेही मग छापील आकड्याचे बिस्कीट जवळ करतो आणि आकडा नसलेली भाकरी दूर सारतो. माहितीची ही विषमता आहाराचीही निवड बदलते.

घरापुरता यावर एक उपाय आहे. तो म्हणजे शिजलेल्या पदार्थाऐवजी कच्च्या जिनसा मोजणे. चार माणसांच्या कुटुंबात महिन्याला तीन किलो तेल लागत असेल, तर माणशी रोज २५ ग्रॅम तेल पोटात जाते. ग्रॅमला ९ उष्मांक या हिशेबाने ते २२५ उष्मांक होतात. मात्र बाहेरच्या तळणीत हा मार्ग खुंटतो. एकाच वजनाच्या दोन वड्यांपैकी एकाने १० ग्रॅम तेल अधिक शोषले, तर ९० उष्मांकांचा फरक पडतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

शासनाच्या योजनाही या दोषातून सुटलेल्या नाहीत. शालेय पोषण आहारात प्राथमिक वर्गातील मुलाला ४५० आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला ७०० उष्मांक मिळावेत असे प्रमाण आहे. त्यासाठी अनुक्रमे १०० व १५० ग्रॅम धान्य ठरले आहे. धान्य कोठारातून निघाले की कागदावरचा हिशेब जुळतो. ते मुलाच्या ताटात किती पडले आणि त्यातील किती त्याने खाल्ले, याची खात्री त्या वजनावरून होत नाही.

वड्याच्या गाडीवाल्याने प्रयोगशाळेचा दाखला आणावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. तसे बंधन घातले तर त्याचा धंदा बसेल आणि परवाने तपासणाऱ्यांची मात्र सोय होईल. ही माहिती सार्वजनिक हिताची आहे, तेव्हा तिचा खर्चही सार्वजनिक तिजोरीतूनच व्हावयास हवा. निरनिराळ्या गावांतून पोहे, मिसळ, वडापाव, झुणका-भाकर व खाणावळीचे ताट यांचे नमुने घ्यावेत, त्यांचे वजन व पृथक्करण करावे आणि कमीतकमी ते जास्तीतजास्त असे आकडे मराठीत, वाटी व नगाच्या मापात प्रसिद्ध करावेत. गृहविज्ञान महाविद्यालयांना हे काम पेलण्याजोगे आहे. नमुना पाहणीनेही बाहेरच्या जेवणाची केवळ संख्या वा किंमत न नोंदता त्याचा प्रकार नोंदला पाहिजे. गरिबांना किती अन्न लागते यावर देशात पुष्कळ विचार झाला आहे. ते त्यांना किती मिळते, हे अंदाजावर सोडून दिले तर त्या विचारातून योग्य धोरण निघणे कठीण आहे.