कचरा डेपो आणि बंब, हिशेब एकत्र मागा

बुलडाणा जिल्ह्यातल्या बहुतेक नगरपालिकांत २०१६ च्या अखेरीस निवडणुका झाल्या होत्या. मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षे प्रशासकांनी गाडा हाकला. डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झाले, २१ डिसेंबरला निकाल लागले आणि सभागृहांत पुन्हा लोकांनी निवडलेले नगरसेवक आले. रस्ते, नाल्या, पथदिवे यांवर ते बोलतीलच. त्यांच्याकडे माझी मागणी एवढीच की, कचरा डेपो आणि अग्निशमन विभाग यांचा आढावा एकत्र घ्या.

राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत घनकचरा व्यवस्थापन आणि अग्निशमन सेवा लागोपाठच्या क्रमांकांवर आहेत. पण १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातल्या विषय समित्यांत स्वच्छता व आरोग्याची समिती आहे, अग्निशमनाच्या नावाची नाही. त्यामुळे बंबाचा विषय सभेत येतो तो एक तर खरेदीच्या वेळी, नाही तर आग लागून गेल्यावर.

डेपोची आग कशी असते ते पाहा. वर वाळलेले प्लास्टिक आणि चिंध्या, खाली कुजणारा ओला कचरा आणि त्यातून निघणारा मिथेन वायू. पाणी मारले की वरची ज्वाळा विझते, आतली धग तशीच राहते. ढीग जेसीबीने उकरून, माती टाकून दाबल्याशिवाय ती शमत नाही. एका बंबात साधारण चार-पाच हजार लिटर पाणी मावते. ते काही मिनिटांत संपते आणि गाडी पुन्हा भरायला पळते, तीही ऐन उन्हाळ्यात, गावातल्या नळाला दिवसाआड पाणी असताना.

तो बंब डेपोवर अडकतो तेव्हा आसपासच्या खेड्यांचे काय? ग्रामपंचायतींकडे अग्निशमन दल नसते. सोयाबीनची सुडी, कुटाराची गंजी किंवा गोठा पेटला की फोन जातो तालुक्याच्या नगरपालिकेला. खामगाव-मलकापूर पट्ट्यात कापसाच्या जिनिंग आहेत, तिथे एक ठिणगी पुरते. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुटा शिवारात समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटून २५ प्रवासी गेले. आग शहराची हद्द पाहून लागत नाही. टाळता येण्याजोग्या आगीवर बंब झिजवण्याची चैन या जिल्ह्याला परवडणारी नाही.

आणि डेपोची आग टाळता येते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करणे बंधनकारक केले. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळल्यास ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५ हजार रुपये भरपाई ठरवली. ओल्या कचऱ्याचे खत ‘हरित महासिटी कंपोस्ट’ या नावाने विकण्याची सोय राज्याने केली. पण घरात वेगळा केलेला कचरा घंटागाडीत किंवा डेपोवर एकत्र होत असेल, तर ही सारी व्यवस्था कागदावरच राहते. कंत्राटदाराचे बिल नुसत्या वजनावर निघत असेल, तर वर्गीकरणात त्याला रस का असावा?

इमारतींचेही तेच. २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा नवजात बाळे दगावली. त्यानंतर तरी आपल्या शहरातल्या किती रुग्णालयांनी, मंगल कार्यालयांनी आणि शिकवणी वर्गांनी हे प्रमाणपत्र दिले, हा आकडा सभेत वाचला जायला हवा.

पैसा नाही, पदे रिक्त आहेत, हे उत्तर येईल. त्यात तथ्य आहे. पण नोंदवही उघडायला निधी लागत नाही. डेपो किती वेळा पेटला, बंब किती वेळात पोहोचला, पाणी कुठे भरले, किती कचरा वर्गीकरण होऊन आला, हे चार आकडे दर महिन्याला पालिकेच्या फलकावर लावा. अग्निशमन दलातले कर्मचारी आणि सफाई कामगार यांना आढाव्याच्या बैठकीत बोलवा. अडचण कुठे आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

वाचकांनाही एक विनंती. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला हे चार आकडे विचारा, आणि ते फलकावर दिसेपर्यंत विचारत राहा.