राळा शिजेपर्यंत

आमच्याकडे भोगीला राळ्याचा भात करतात. त्यामुळे 'ह्वांगल्यांग यी मंग', म्हणजे 'पिवळ्या राळ्याचे स्वप्न', ही चिनी म्हण वर्गात ऐकली तेव्हा ती परकी वाटली नाही. सुख क्षणभंगुर असते, हा तिचा भावार्थ.

मूळ कथा थांग राजवटीत, आठव्या शतकात शन जीजी या लेखकाने लिहिली. हानदानच्या रस्त्यावरील खाणावळीत लू नावाचा तरुण एका ताओपंथी वृद्धापाशी रडगाणे गातो : एवढे शिकलो, तरी शेतातच राबतो आहे! वृद्ध त्याला दोन्ही टोकांना भोक असलेली चिनीमातीची उशी देतो. खाणावळवाल्याने तेव्हा राळा शिजत ठेवलेला असतो. लूचा डोळा लागतो. स्वप्नात श्रीमंताघरची मुलगी बायको म्हणून मिळते, राजपरीक्षा उत्तीर्ण होते, सेनापतिपद, मंत्रिपद, मग खोटा आरोप, हद्दपारी, पुन्हा मानमरातब, पाच मुलगे आणि ऐंशी उलटल्यावर मृत्यू! जागा होऊन पाहतो, तर राळा अजून शिजायचाच आहे.

सारा वर्ग गंभीर झाला. मला मात्र राग आला. आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मी पहिलीच. आमचे स्वप्न आत्ता कुठे सुरू होते आहे, तोच ते खोटे म्हणून सांगायचे? बरे, हा लू काही भुकेकंगाल नव्हता. त्याची पाच छिंग, म्हणजे पाचशे मू, उत्तम जमीन होती. आमच्या दीड एकर कोरडवाहूच्या मानाने तो जमीनदारच! त्याला परत जायला शेत होते, म्हणून वृद्धाला नमस्कार करून तो निमूट निघून गेला. 'पदव्या घेऊन काय करायचे?' असे आम्हांला विचारणाऱ्यांच्या घरीही बहुधा पदव्या असतात.

असो. पण त्या कथेतील एका प्रसंगापाशी मी अडले. स्वप्नात शिपाई पकडायला येतात, तेव्हा हा मंत्री बायकोजवळ हळहळतो : घरचे शेत पोटापुरते होते, पगारामागे कशाला धावलो? तो जाडाभरडा अंगरखा घालून, काळ्या शिंगरावर बसून हानदानच्या रस्त्याने जावेसे आज वाटते, पण ते आता होणे नाही. म्हणजे त्याला आठवले ते मंत्रिपद नव्हे. ज्या दिवसांबद्दल तो खाणावळीत कुरकुरत होता, तेच दिवस आठवले!

माझी आई पहाटे चारला उठून भाकरी थापते, म्हणून मला सहाची एस. टी. मिळते. डबा उघडताना मी रोज तोंड वाकडे करते. नोकरी लागली की ही एस. टी. सुटेल, हा डबाही सुटेल. नोकरी तर मला हवीच आहे, त्यात तडजोड नाही. पण लूला जे बेड्या पडताना उमगले, ते मला एस. टी.त बसल्या बसल्या कळायला काय हरकत आहे?

आणखी एक. राळा शिजवणाऱ्या खाणावळवाल्याला त्या कथेत नावच नाही. त्याला कोणी उशी दिली नाही.

या रविवारी भाकरी मी थापणार आहे. पहिल्या दोन-तीन करपतील, असे आईचे म्हणणे आहे.