काढा लपवू नका

परभणीतल्या कुठल्याही गल्लीत तुळशीवृंदावनाशेजारी सदाफुलीची कुंडी हमखास दिसते. रक्ताचा कर्करोग झालेल्या लेकराला शिरेतून जे व्हिन्क्रिस्टिन देतात, ते याच झाडाच्या पानांतून निघते. अमेरिकेत १९६३ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आणि ज्या घरातला माणूस केमोथेरपीला निघतो, त्याच घरी शेजारीपाजारी सांगून जातात, ‘केमो सोडा, अंग जळते, सदाफुलीची पाने उकळून प्या.’

हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण तो जिवावर बेततो. रुग्णालयात आधी रुग्णाची उंची आणि वजन घेतात, त्यावरून मात्रा काढतात. व्हिन्क्रिस्टिन एका वेळी सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. मात्रा जास्त झाली, तर हातापायांच्या नसा बधिर होतात, आतड्यांची हालचाल मंदावते. मूठभर पानांच्या काढ्यात ते किती उतरले, हे चुलीपाशी कोण मोजणार?

केमोथेरपीतली कितीतरी औषधे मुळात झाडांचीच आहेत. १९२५ मध्ये नंदुरबारला जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्यासोबत काम करत होते. यू वृक्षाच्या सालीतून या दोघांनी टॅक्सॉल वेगळे केले. त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, औषध म्हणून मान्यता मिळायला १९९२ उजाडले. आज स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर ते सर्रास वापरतात. त्याआधी, १९६६ मध्ये, याच जोडीने एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढले होते. ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्यातही असते, म्हणून तर नरक्याची चोरटी तोड होते. टॅक्सॉलच्या त्या एकवीस वर्षांत मात्रा आणि दुष्परिणाम तपासले गेले. काढ्याची अशी तपासणी कोणी केलेली नसते.

‘केमो चालू ठेवतो, सोबत थोडी हळद घेतो’ म्हणणारेही पुष्कळ आहेत. १९९९ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या वसमतची हळद आज भौगोलिक मानांकनाने ओळखली जाते. भाजी-वरणातल्या हळदीला कोणाची हरकत नाही. हळदीतल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. स्तनाच्या कर्करोगावरचे टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांच्या २०१९ मधल्या एका छोट्या डच अभ्यासात या गोळ्यांमुळे औषधाचा रक्तातला प्रभावी अंश घटलेला आढळला. कॅम्प्टोथेसिनपासून बनवलेल्या इरिनोटेकॅनचा अनुभव तर अधिक बोलका आहे. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपातली वनौषधी सोबत घेतली, तेव्हा त्याचा परिणामकारक अंश सुमारे ४२ टक्क्यांनी उतरला. एका झाडाच्या औषधाला दुसऱ्या झाडाने कमजोर केले. यकृत औषधाचा निचरा नेहमीपेक्षा वेगाने करू लागते, म्हणून असे होते.

हे डॉक्टरांना कळतच नाही, कारण रुग्ण सांगत नाही. रात्रभर देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, दिवसभर रांगेत बसायचे आणि आत गेल्यावर काढ्याचे नाव काढताच ओरडा खायचा, ही धास्ती खरी आहे. म्हणून आमचे पहिले मागणे डॉक्टरांकडे आहे: रागावू नका, पहिल्याच भेटीत ‘घरचे काय घेता?’ एवढे विचारा. दुसरे मागणे सरकारकडे. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आता वैद्यकीय महाविद्यालयही आहे. दोघांनी मिळून मराठवाड्यातल्या औषधी वनस्पतींवर रीतसर चाचण्यांचे काम सुरू करावे. मळमळ, तोंड येणे, थकवा यांवर एखादी वनस्पती खरोखर उपयोगी ठरली, तर ती केमोसोबत मोजून-मापून देता येईल.

तोवर रुग्णाच्या घरच्यांना हात जोडून विनंती आहे. केमोची तारीख चुकवू नका. जी पुडी, जी बाटली, जे चूर्ण घरात चालू असेल, ते फाइलीसोबत पिशवीत टाका आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.