अस्त्रं दिसली, गोष्ट हरवली

९ सप्टेंबर २०२२ला अनंत चतुर्दशी होती. करोनाच्या दोन वर्षांनंतर लालबाग-परळचे रस्ते विसर्जनाच्या गर्दीने पुन्हा भरून वाहत होते, आणि त्याच शुक्रवारी ‘ब्रह्मास्त्र’ लागला. अयान मुखर्जीच्या या चित्रपटाची घोषणा २०१४ची. इतकी वर्षं एक माणूस एकाच कल्पनेला धरून राहतो, याची मला कदर आहे. म्हणून तो मी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा मध्यंतरानंतर माझी वाट चुकली.

सुरुवातीचा शाहरुख खानचा प्रसंग आठवा. शास्त्रज्ञ मोहन भार्गव वानरास्त्र जागं करतो, त्याच्यामागे प्रचंड वानराची आकृती उभी राहते आणि तो झेपावतो. तिथे मला काहीही विचारावंसं वाटलं नाही. पुढे मात्र नंदीअस्त्र, प्रभास्त्र, अग्न्यस्त्र, तीन तुकड्यांतलं ब्रह्मास्त्र, त्यांचे रक्षक, आणि नायकाची आग पेटायला लागणारं नायिका ईशाचं प्रेम. डोळ्यांपुढे रंगांची आतषबाजी सुरू असते आणि कानांवर नियमांची यादी पडत राहते. शेवटच्या लढाईत कोण कशाने हरणार, हे पात्रं एकमेकांना सांगत राहतात. मला ते दिसत नाही.

लहानपणी आई मला गणपतीत लालबागचे देखावे दाखवायला न्यायची. हलत्या देखाव्यात कृष्णाचा हात वर जायचा, नागाचा फणा डुलायचा, ध्वनिफितीवर निवेदन चालायचं. गर्दीच्या कोलाहलात त्यातला शब्दही धड ऐकू येत नसे. तरी आम्हां मुलांना सगळं कळायचं, कारण हात वर गेला की पुढे काय होणार हे आम्ही श्वास रोखून पाहत असू.

या मुंबईत चमत्काराचा सिनेमा असाच सुरू झाला. गिरगावच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताचा जीवनपट पाहताना दादासाहेब फाळक्यांना पडद्यावर राम-कृष्ण दिसू लागले. दादरला ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित झाला आणि ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसमोर आला. १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लहानगी लेक मंदाकिनी कृष्ण झाली. बाळकृष्ण पाण्याखाली नागाशी झुंजतो, वर काठावर माणसं व्याकूळ होतात. आवाज नाही, तरी कोण संकटात आहे आणि कुणाचा जीव कासावीस होतो आहे, हे पोरालाही कळतं.

कुणी म्हणेल, फाळक्यांच्या प्रेक्षकाला कथा आधीच पाठ होती. खरं आहे. नवं पुराण रचणाऱ्याला ती सोय नसते. पण ‘तुंबाड’चं काय? २०१८च्या त्या चित्रपटातला हस्तर आपल्या कुठल्याच आजीने सांगितलेला नाही. राही अनिल बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला जन्म दिला. त्याची जन्मकथा सुरुवातीला निवेदनातून येते, पण त्याचा नियम कणकेच्या बाहुलीत दिसतो. भुकेला हस्तर बाहुलीवर तुटून पडतो, तेवढ्यात लंगोटीतून मोहरा ओढायच्या. हात थरथरतो तसा आपला घसा कोरडा पडतो. बाहुल्या वाढल्या तर काय होईल, हे कुणी सांगण्याआधी आपल्याला उमगू लागतं.

पैसा, कष्ट, तंत्र ‘ब्रह्मास्त्र’कडे भरपूर होतं. कमी होती ती प्रेक्षकाच्या डोळ्यांवरची श्रद्धा. मुखर्जींच्या दृश्यकल्पनेवर माझा विश्वास आहे, म्हणूनच ही तक्रार इतकी तळमळीने करतो आहे. दुसऱ्या भागात देव या पात्राची गोष्ट यायची आहे. तो देव कशाला भुकेला आहे, एवढं पहिल्या दहा मिनिटांत पडद्यावर दिसलं, तर अस्त्रांची नावं मी विसरलो तरी चालेल.