ओठावरील पुटकुळी आणि कर्करोग

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत सूक्ष्म जीवांचा पाठ शिकवितांना मी भरांत येऊन बोलून गेलों कीं, ज्या विषाणूमुळें तापानंतर ओठावर पुटकुळ्या उठतात, त्याच्याच हातून शास्त्रज्ञ आतां कर्करोगाचा नाश करवितात. मुलें थक्क झालीं. दुसरे दिवशीं एका विद्यार्थ्याचे वडील शाळेंत आले. त्यांच्या थोरल्या बंधूंस जठराचा कर्करोग झाला होता. तें औषध कोठें मिळतें, एवढेंच त्यांना विचारावयाचें होतें.

माझें विधान असत्य नव्हतें, अपुरें होतें. हर्पीस सिम्प्लेक्स हा विषाणु जगांतील निम्म्याहून अधिक लोकांच्या शरीरांत मज्जातंतूंच्या आश्रयानें जन्मभर वस्ती करून असतो. शास्त्रज्ञांनीं त्याचीं दोन जनुकें निकामी केलीं. एकाच्या बळावर तो निरोगी मज्जापेशींत वाढत असे, दुसऱ्याच्या आडोशानें शरीराच्या रक्षक पेशींची नजर चुकवीत असे. उलट, त्या पेशींना हांक मारणारें एक मानवी जनुक त्यांत घातलें. असा विषाणु कर्करोगाच्या गांठींत टोचला म्हणजे तेथील पेशी फोडतो. परंतु महत्त्वाचें कार्य त्यानंतरचें. फुटलेल्या पेशींतील द्रव्यांवरून रक्षक पेशींना शत्रूची ओळख पटते, आणि त्या त्याच्या सोबत्यांच्या शोधास निघूं शकतात. टी-व्हेक नांवाच्या या औषधास अमेरिकेंत २०१५ सालीं मान्यता मिळाली. मात्र ती मेलॅनोमा नामक त्वचेच्या कर्करोगापुरती, आणि तीहि शस्त्रक्रियेनें समूळ काढतां न येणाऱ्या गांठींपुरती.

ज्या ४३६ रुग्णांवर त्याची कसोटी झाली, त्यांपैकीं हें औषध मिळालेल्यांत शेंकडा १६ जणांना सहा महिने वा अधिक टिकणारा गुण आला. तुलनेसाठीं दुसरें औषध दिलेल्यांत शेंकडा २ जणांना. हा फरक मोठा आहे. पण उरलेल्या चौऱ्यायशींचें नांव मीं वर्गांत काढलें नाहीं. रक्षक पेशींना आवर घालणारा लगाम सैल करण्याच्या शोधाबद्दल ॲलिसन व होंजो यांस २०१८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या जातीच्या एका औषधाशीं टी-व्हेकची जोड घातल्यास दुप्पट बळ येईल, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. ६९२ रुग्णांवर तो प्रयोग झाला आणि लाभ दिसेना, म्हणून २०२१ सालीं आवरता घेण्यांत आला. हेंहि मीं सांगितलें नव्हतें.

अपयशें सांगितल्यानें मुलांचा उत्साह मावळतो, असें माझे कांहीं सहकारी म्हणतात. मला तें पटत नाहीं. फलंदाजाची सरासरी ऐकतांच "किती डावांत?" असें विचारणारीं हीं मुलें, औषधाविषयीं "कोणत्या रोगावर? किती जणांत?" असें विचारण्याची संवय त्यांना आपणच लावीत नाहीं. अर्धवट बातमी निरोगी घरांत करमणूक ठरते; आजाऱ्याच्या घरांत तिची आशा होते.

त्या गृहस्थांना मीं सर्व कांहीं उलगडून सांगितलें. ते क्षणभर स्तब्ध राहिले. मुलाला वर्गांत बोलावून खुलासा करूं काय, असें मीं विचारलें, तेव्हां उठतां उठतां म्हणाले, "नको, सर. काकांच्या औषधासाठीं त्यानें डब्यांत पैसे सांठविले आहेत. मीच सांगेन त्याला."