भाकरी पचवणारा लांडगा

खालापूरच्या डोंगरपायथ्याच्या कुठल्याही वाडीत संध्याकाळी जा. हातात नाचणीच्या भाकरीचा तुकडा दिसला की अंगणातलं कुत्रं आतली भुवई उचलून थेट आपल्या डोळ्यांत बघतं. ती भुवई उचलणारा स्नायू लांडग्यात नावापुरताच असतो. भाकरीचंही तसंच: पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात सहसा २ प्रती असतात, कुत्र्यात त्या कितीतरी वाढल्या. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगताना हा प्राणी आतून बदलला.

मग हा विषय आत्ताच का? बोरघाटापलीकडे पुणे जिल्ह्याच्या माळरानांवर लांडगा अजून आहे, आणि तिथे लांडगा-कुत्र्याचा संकर झाल्याचं २०२३ मध्ये जनुकीय अभ्यासातून समोर आलं. माळ आक्रसतोय, कचऱ्यावर पोसलेली मोकाट कुत्री रानात शिरताहेत. हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या वाटा अशा पुन्हा मिळाल्या तर लांडग्याचं लांडगेपणच पुसलं जाईल, याची आम्हाला खरोखर काळजी वाटते.

म्हणून या अंकाची सुरुवात आम्ही प्रयोगशाळेतून न करता अंगणातून केली आहे. शेळ्यांमागे रानात जाणारं तुमचं कुत्रं काय खातं, कुणाचं ऐकतं, कशाला भुंकतं? आम्हाला जरूर लिहून कळवा.